रिपोर्ट नॉर्मल

दुखणं कसं, चारचौघांना दाखवता आलं पाहिजे. पाय प्लास्टरमध्ये असला की खामगाव-अकोला गाडीत कोणीतरी उठून जागा देतं. डोळे आले की लोक स्वतःहून लांब सरकतात. गालगुंड झालं की शेजारच्या मावशी लेप उगाळून आणतात आणि तो लावल्याशिवाय उंबऱ्यातून हलत नाहीत. माझ्या दुखण्याच्या नशिबात असलं काही नाही. संध्याकाळ झाली की तळपाय जळतात, डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात, मधूनच घेरी येते आणि जेवण झालं की तोंडात लोखंडी चव रेंगाळते. यातलं बाहेरून काहीही दिसत नाही. उलट या सगळ्या काळात माझं वजन वाढलं, गाल वर आले. जो भेटतो तो म्हणतो, "तब्येत एकदम फस्क्लास दिसते बाप्पा!" आजारानं केलं नसेल एवढं माझं नुकसान या एका वाक्यानं केलं आहे.

निदान न झालेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, थैलीवरून येतो. अकोल्यातल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालची सगळी किचकट दुखणी शेवटी अकोल्याला जमा होतात. साधा पेशंट मोकळ्या हातानं येतो, फार तर खिशात एक चिठ्ठी असते. आमच्यातल्या माणसाच्या हातात थैली असते आणि ती हमखास कापडदुकानाची असते, कारण एक्स-रेचं पाकीट उभं मावेल एवढी थैली फक्त लग्नाच्या बस्त्यावरच मिळते. माझ्या थैलीवर हात जोडलेलं नवरा-नवरीचं जोडपं आहे आणि खाली 'पुन्हा अवश्य या' असं छापलेलं आहे. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते वाक्य माझ्या गुडघ्यापाशी हेलकावे खात असतं.

थैलीत थर असतात. तळाशी रक्त-लघवी, साखर, थायरॉइड, ईएसआर. कडा दुमडलेल्या, एका कागदावर शेगावच्या कचोरीच्या तेलाचा गोल डाग. त्याच्यावर बी12 आणि ड जीवनसत्त्व. मग मणक्याचा एमआरआय, ज्यात बोगद्यात झोपवून कानाशी खटखट करतात आणि हलू नका म्हणतात. सगळ्यात वर मज्जातंतूंची तपासणी. तिथं हातापायाला विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगानं निरोप पोचवते ते मोजतात. माझ्या नसा तरतरीत निघाल्या. निरोप वेळेवर पोचतो याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. निरोप काय आहे, हे विचारायची सोय त्या मशीनमध्ये नव्हती.

नवा डॉक्टर ही थैली बघतो, म्हणजे तिच्याकडे बघतो, आत बघत नाही. दोन कागद वर काढतो, तारीख वाचतो आणि म्हणतो, "हे जुने झाले. आपण एकदा सगळं फ्रेश करून घेऊ." मग पुन्हा दंड पुढे करायचा, मूठ आवळायची. संध्याकाळी लॅबचा पोरगा पाकीट हातात देतो आणि दहावीचा निकाल सांगावा तसं हसून सांगतो, "काकाजी, सगळं नॉर्मल!" आता पेढे आणावेत की काय, हे मला कळत नाही.

रिपोर्टात जो आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तो ठळक छापतात. आम्ही कागद हातात आला की आधी ठळक अक्षरं शोधतो. एकदा सापडली. ड जीवनसत्त्व कमी. घरात जवळजवळ सण झाला. बायकोनं फोन करून माहेरी कळवलं, "निंगालं बाई एकदाचं!" घाटाखालचा माणूस, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, डांबर चपलेला चिकटतं आणि माझ्या अंगात ऊन कमी पडतं! पण कमी तर कमी. आठवड्याला एक पुडी दुधातून घेतली. पुढच्या तपासणीत ड नॉर्मल झालं, तळपाय जळायचे ते जळतच राहिले, आणि आमच्या घरावर पुन्हा नॉर्मलची अवकळा आली.

डॉक्टर मंडळी वाईट नसतात. बिचारे दिवसाला शंभर पेशंट बघतात आणि त्यातल्या नव्वदांना काहीतरी ठळक असतं. आमचा नंबर लागतो तेव्हा ते थकलेले असतात. समोरच्याच्या तक्रारी पाच आणि कागदावर पुरावा शून्य, हे गणित त्यांनाही अवघड जात असणार. मग ते पेन खाली ठेवतात आणि प्रश्नांचा मोर्चा घराकडे वळवतात. मुलांची लग्नं झाली का? शेतीचा वाद आहे का? झोप लागते का? मी म्हणतो, तळपाय जळत असल्यामुळे झोप लागत नाही. ते म्हणतात, झोप लागत नाही म्हणून तळपाय जळतात. शेवटी "टेन्शन घेऊ नका" असं सांगून एक बारीक गोळी लिहून देतात. मेडिकलवाला ती काढताना दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारतो, "डोक्याची गोळी कोणाची?" त्या गोळीबद्दल माझी तक्रार नाही. झोप छान लागली. तळपाय झोपेत जळत होते, एवढंच.

खरी अडचण डॉक्टरांची नाही, डॉक्टरांनी रिकामी सोडलेल्या जागेची आहे. आजाराला नाव मिळालं की तो डॉक्टरांचा होतो. नाव मिळालं नाही की तो गावाचा होतो. शुगरवाल्याला कोणी सांगत नाही की तुला शुगर नसून गॅस आहे. मला सगळे सांगतात. कटिंगवाला म्हणतो, नस दबली. एल-फोर एल-फाइव्ह हे शब्द त्याला पाठ आहेत आणि कैचीच्या टोकानं तो ती जागा माझ्या पाठीवर दाखवतोही. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणतात, पित्त. त्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण पित्त आहे, यंदा कापसाला भाव मिळाला नाही तो सोडून. आत्या म्हणते, नजर लागली. मी विचारलं, माझ्यात नजर लागण्यासारखं काय आहे? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "तेही खरं हाये म्हना."

आमच्या जिल्ह्यात तर अशा माणसासाठी सगळी व्यवस्था आहे. शेगावला गजानन महाराजांचा अंगारा आहे आणि तो मी लावतो, त्याबद्दल विनोद करायची माझी हिंमत नाही. घाटावर सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथं नारळांची मोठी होळी पेटते, देशभरातून लोक येतात आणि ज्यांचं दुखणं कोणालाच कळलं नाही अशी कितीतरी माणसं त्यांच्या घरच्यांनी तिथं आणलेली असतात. एका चुलतभावानं मलाही न्यायची गाडी ठरवली होती. "फरक नाई पडला तं निदान हवापालट तं होईन," असा त्याचा शास्त्रीय आधार होता.

आणि जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, पापड, कुरडई, भजी, वडे, पान-सुपारी. रात्री तिथं कोणी थांबायचं नाही. पहाटे वाघ महाराजांच्या घरची मंडळी येऊन कोणता दाणा कुठं सरकला ते पाहतात आणि वर्षाचा पाऊस, पीक, भाव सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात लोक. त्या भाकितात एक शब्द फार येतो: मोघम. तूर मोघम, हरभरा मोघम. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्यावर टीका करतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत. माझं म्हणणं एवढंच, की अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासणी फी घेऊन मला जे सांगितलं तेही मोघमच होतं आणि तिथं भजी-वडेही नव्हते.

आपल्या जिल्ह्यात निदान होतच नाही, असं मात्र नाही. लोणारच्या सरोवराचं झालं. जून 2020 मध्ये, सगळा देश तोंडाला फडकं बांधून घरात बसला असताना, त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. उल्का आदळून तयार झालेल्या विवरातलं खारट पाणी, एरवी हिरवट असायचं ते रात्रीतून लाजल्यागत झालं. ताबडतोब हालचाल सुरू. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. निदानही आलं: उन्हानं पाणी आटलं, क्षार वाढले, क्षारात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी दिसलं. काही दिवसांनी रंग उतरला. आजार, तपासणी, निदान, आराम, सगळं एका पावसाळ्यात. सरोवराला एकानंही सांगितलं नाही की टेन्शन घेऊ नको, तुझं पाणी नॉर्मल आहे. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं: रंग बदलला पाहिजे. नुसतं आतून जळून उपयोग नाही.

हे सगळं मी घरात बसून तत्त्वज्ञान करत होतो, तोवर शेगाव तालुक्यात खरोखरच दाखवण्यासारखं काहीतरी झालं. डिसेंबर 2024 संपता संपता बोंडगाव, काळवाड, हिंगणा या गावांतल्या लोकांच्या डोक्याला खाज सुटली. मग केस राठ झाले. मग ओढले की हातात यायला लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाप्यांचं, बायांचं, शाळेतल्या पोरांचं. ना ताप, ना सर्दी. सकाळी कंगवा फिरवला की कंगव्याबरोबर झुपका. पुढे ही संख्या 18 गावांत 279 जणांपर्यंत गेली.

चॅनलवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, 'टक्कल व्हायरस'. तोवर कोणी व्हायरस पाहिला नव्हता, आणि नंतरही कोणाला सापडला नाही. पण बातमीला नाव लागतं. पेशंट नावासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभा राहतो आणि चॅनलला ते जाहिरात संपायच्या आत मिळतं.

त्या जानेवारीत घाटाखाली ज्याचं डोकं खाजलं नाही असा माणूस दाखवा. बातम्या लागल्या की घराघरात हात डोक्यावर जायचे. बायको सकाळी कंगव्यातले केस काढून उजेडात धरायची आणि बोटावर गुंडाळत मोजायची. रोज पन्नास-शंभर केस गळणं हा माणसाचा स्वभावच आहे, हे डॉक्टर सांगत होते, पण इतकी वर्षं ते कोणी मोजले नव्हते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, ज्यांना चाळिशीतच टक्कल पडलं, ते त्या महिन्यात टोपीशिवाय बाहेर निघत नव्हते. "लोक दूर सरकते ना जी," ते म्हणाले. "आता कोनाकोनाले सांगू, की हे जुनं हाये!"

गावात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पोरी ओढणी घट्ट बांधून शाळेत जात होत्या, काही जात नव्हत्या. सोयरीक जुळवताना पाहुणे गावाचं नाव ऐकून थांबत होते. कटिंगवाले हात लावायला कचरत होते, असं छापून आलं. पाहुणे चहा नको म्हणत होते, आणि वऱ्हाडात पाहुण्यानं चहा नको म्हणणं म्हणजे संबंध संपल्याची नोटीस.

आणि मग सुरू झालं ते मी घरबसल्या ओळखलं. तोच माझा खेळ, फक्त मैदान मोठं. आधी संशय बुरशीवर. त्वचेचे तुकडे तपासायला अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. मग संशय शाम्पूवर, पण ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नाही त्यांचेही केस गेलेले. मग संशय पाण्यावर. तो स्वाभाविक होता, कारण हा पूर्णेचा खारपाण पट्टा. इथलं बोअरचं पाणी चहाला चव देतं, डाळ शिजू देत नाही आणि किडनीच्या आजारासाठी आधीच बदनाम आहे. तपासणीत पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. पण गावच्या म्हाताऱ्यांचा प्रश्न बिनतोड होता: हे पाणी आजा प्याला, पणजा प्याला, त्यांचे केस त्यांच्यासोबतच गेले, मग आमचेच कावून आधी गेले?

पथकं आली. जिल्ह्याची आली, राज्याची आली, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आमच्याच जिल्ह्याचे, प्रतापराव जाधव, तेही आले. रक्त घेतलं, लघवी घेतली, केस घेतले, पाणी घेतलं. मी टीव्हीसमोर तळपाय ओल्या पंच्यात गुंडाळून बसलो होतो. एकेका घरासमोर पाच-पाच गाड्या आणि पांढऱ्या कोटातली माणसं वाकून एकेकाच्या डोक्यात बघतायत. माझ्या तळपायात एवढ्या आस्थेनं आजवर कोणी पाहिलेलं नाही. आणि एवढं सगळं पाहून झाल्यावर गावाला काय कळलं? की नमुने पाठवलेत, अहवाल यायचा आहे. म्हणजे दिसणाऱ्या आजाराचीही शेवटी थैलीच होते, फक्त ती सरकारी असते.

या सगळ्यात एक माणूस गव्हाकडे बघत होता. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, काम केलं महाडला. कोकणात विंचू चावून पोरं पटापट दगावत होती तेव्हा बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी विंचवाचं विष हृदयाला काय करतं ते टिपलं, आणि प्रॅझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी त्यावर चालते हे जगाला दाखवलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. असा माणूस शेगाव तालुक्यात आला आणि त्यानं लोकांना विचारलं, तुम्ही सगळे मिळून काय खाता?

रेशनचा गहू. माणशी पाच किलो धान्य फुकट मिळायला लागल्यापासून ज्वारीची भाकर मागे पडली आणि पोळी पुढे आली. आता ज्वारीची भाकर चांगल्या हॉटेलात मिळते. गावचा माणूस ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवतो, पोत्यातून जे पडेल ते पिशवीत घेतो. बावस्करांनी तो गहू ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. किलोमागे 14.52 मिलिग्राम सेलेनियम. फार तर 1.9 पर्यंत चालतं. गहू धुऊन पुन्हा तपासला तर 13.61. म्हणजे आईनं कितीही वेळा रोळून, पाखडून, उन्हात वाळवून घेतला तरी खडे तेवढे निघणार. पेशंटांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट, केसांत 150 पट. इथल्या शेतात पिकलेल्या गव्हाच्या मानानं या गव्हात ते 600 पट होतं, असं त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं. गहू पंजाब-हरियाणाकडचा, असं त्यांचं म्हणणं. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यात मातीतच सेलेनियम जास्त आहे, हे तिकडच्या कृषी शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

सेलेनियम ही चीज मजेशीर आहे. शरीराला लागते, पण चिमटीच्या चिमटीएवढी. जास्त झाली की केस आणि नखं जातात. चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1960 च्या दशकात हेच झालं होतं. तिथल्या दगडी कोळशातलं सेलेनियम मातीत उतरलं, मातीतून मक्यात, मक्यातून माणसात. पुस्तकात याचं आणखी एक लक्षण दिलेलं असतं: श्वासाला लसणाचा वास येतो. आता सांगा, शेगाव तालुक्यात हे लक्षण कोणत्या डॉक्टरला ओळखू येणार होतं? जिथं सकाळच्या न्याहारीला ठेचा, दुपारी पोळीवर ठेचा आणि पाहुणा आला तर ताजा ठेचा, तिथं ज्याच्या श्वासाला लसणाचा वास येत नाही त्यालाच आधी ॲडमिट करावं लागेल.

त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं: हातापायाला मुंग्या. तोंडात धातूची चव.

मी उठून उभा राहिलो. मुंग्या! चव! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी दोन लक्षणं एका ओळीत शेजारी शेजारी छापलेली दिसली होती. बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, तिनं वाचलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं. केस जागच्या जागी, नेहमीपेक्षा दाटच. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"आपलं कार्ड कोणतं हाये?"

पांढरं. पांढऱ्या कार्डावर रेशनचा गहू मिळत नाही. आम्ही चक्कीवरून लोकवन आणतो. म्हणजे आजारालाही मी अपात्र. उत्पन्नाच्या दाखल्यामुळे आयुष्यात बऱ्याच गोष्टी हुकल्या, पण निदान हुकल्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण.

तरी मी डॉक्टरांना विचारलं, सेलेनियम तपासू या का? त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या केसांकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. "पेपर वाचणं कमी करा," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये त्याच भागातल्या काही लोकांची नखं ठिसूळ होऊन गळायला लागली. नखं म्हणजे जिवंत कागदच, दोन-तीन महिन्यांपूर्वी अंगात काय शिरलं होतं ते उशिरा छापून बाहेर काढतात. पुन्हा गाड्या आल्या, पुन्हा नमुने गेले. गावकरी तोवर जानेवारीतल्या नमुन्यांच्या सरकारी अहवालाचीच वाट पाहत होते. मधल्या काळात बऱ्याच जणांच्या डोक्यावर पुन्हा लव फुटली होती. कोणाची दाट, कोणाची विरळ. सरकारी फाइल उघडी आणि टक्कल झाकलेलं, अशी परिस्थिती.

त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी एक जण येऊन बसला. तिशी-पस्तिशीचा, डोक्याला रुमाल, हातात थैली. कापडदुकानाचीच. मी जागा करून दिली. आम्ही दोघांनी एकमेकांच्या थैल्यांची जाडी डोळ्यानं मोजली, जुने पैलवान दंड मोजतात तशी.

"कोन्या गावचे?"

"शेगावकडचा."

मी पुढे काही विचारायच्या आत त्यानंच रुमाल काढला. केस आले होते. आखूड, जरा भुरे, पण आले होते.

"आले ना मग," मी म्हटलं.

"तेच तं वांधे झाले जी," तो म्हणाला. "टक्कल होतं तवा जो तो इचारे, कावून झालं? आता डॉक्टरले सांगतो, भाऊ, अंगात ताकद नाई, नखं दुखते, झोप येत नाई, तं थो म्हनते, केस तं आले ना, आता काय पाह्यजे?" त्यानं फोन काढून फोटो दाखवला. जानेवारीतला. गुळगुळीत डोकं, मागे चॅनलची गाडी, बाजूला माइक धरलेली पोरगी. "हा हाये मनून बरं. नाई तं घरचेही मनते, तुले असं काई झालंच नोतं."

फोटो झूम करून मी नीट पाहिला. चांगला आला होता. असा एक फोटो माझ्या थैलीत असता तर!

"तुमचं काय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तळपाय, बोटं, घेरी, चव. तो डोळे बारीक करून ऐकत होता.

"रिपोर्टात काय निंगालं?"

"सगळं नॉर्मल."

"मंग तुमचं भारी हाये बाप्पा." त्यानं मान हलवली. "आमचं गव्हावर तरी गेलं. बरं, तुमी चप्पल पलाश्टिकची घालता काय? रात्री वांगं खाता काय? पानी कोनतं पेता?"

मी एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेलो. तो प्रत्येक उत्तरानंतर 'हं' म्हणत होता. असा 'हं' मी मुंबईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या स्पेशालिस्टच्या तोंडूनही ऐकलेला नव्हता. शेवटी त्यानं माझा डावा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, टाचेपाशी अंगठा दाबला आणि छताकडे बघत विचार केला.

"काशाची वाटी," तो म्हणाला. "तूप लावून घासा लागते. माह्या मावशीजवळ हाये, नांदुऱ्याले. जुनी हाये, आताच्या वाट्यात काई दम नाई."

तेवढ्यात कंपाउंडरनं त्याचं नाव पुकारलं. त्यानं हातानंच थांब म्हटलं, माझा पाय न सोडता दुसऱ्या हातानं फोन लावला आणि सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हालो, मावशी? हाव, मीच. माहं राहू दे. एक पेशंट हाये."